शिरोलीतली फाउंड्री: सात महिन्यांनी ब्रेक, कार्डावर 'कॅज्युअल'. 240 दिवस कसे धरायचे?

करवीरकर_09

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आमच्या गावची काही पोरं फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) आहेत. हजेरी 560 रुपये, महिन्याला 26 भरतात. सात महिने झाले की 'ब्रेक' म्हणून वीस-पंचवीस दिवस घरी बसवतात आणि नवीन कार्ड नंबर देऊन परत घेतात. काहींचं हे असं चौथं वर्ष चालू आहे. कार्डावर 'कॅज्युअल' छापलंय. ओव्हरटाइम तासाला 70 रुपये. रजा नाही. बोनस म्हणाल तर दिवाळीला मिठाईचा बॉक्स. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) मात्र कापतात. हजेरीपटावर 85 च्या आसपास माणसं, युनियन नाही.

एचआर म्हणतो, "240 दिवस होतच नाहीत, परमनंटचा विषयच नाही." खरं काय? परमनंट बाजूला ठेवलं तरी आज काय मिळायला हवं? पुढच्या महिन्यात परत ब्रेक आहे. त्याआधी काय करून ठेवावं?

मस्टर_रोल

एचआरचं गणित त्याच्या सोयीचं आहे. 240 दिवस सलग लागत नाहीत. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशातलं, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नियमावलीतलं, कलम 4-सी बघा. मागच्या बारा महिन्यांत सगळे मिळून 240 दिवस भरले की बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला) किंवा तात्पुरता कामगार कायम करायचा, हंगामी कारखान्यात 190. कामगाराची चूक नसताना काम बंद पडलं तर तो काळ मोजणीतून वगळायचा, त्यानं सेवा तुटली असं धरायचं नाही.

आता हिशेब करा. सात महिने काम, पंचवीस दिवस ब्रेक, परत काम. कुठलेही बारा महिने उचलले तरी ब्रेक एखादा, फार तर दोन. म्हणजे कामाचे महिने किमान दहा, आणि 26 नं गुणलं तर 260. सात महिन्यांचा ब्रेक 240 तोडतो हा समज एमआयडीसीत इतका मुरलाय की पोरंही तेच बोलतात. तो तुटतो कधी, तर ब्रेकनंतर माणूस परत घेतलाच नाही तर. किंवा मधला काळ दुसऱ्याच कुणाच्या नावावर दाखवला तर.

दुसरा मुद्दा 'कॅज्युअल' शब्दाचा. 4-सी मध्ये बदली आणि तात्पुरता हे दोनच आहेत, कॅज्युअल नाही. म्हणूनच कार्डावर तो शिक्का मारतात. पण त्याच स्थायी आदेशांत कॅज्युअलची व्याख्या आहे: मुख्य उत्पादनाशी संबंध नसलेलं आणि मुळातच नैमित्तिक असलेलं काम. शेडला रंग द्यायला, गटार उपसायला चार दिवस आणलेला माणूस कॅज्युअल. कास्टिंगचे रायझर तोडून फिन घासणारा माणूस कसला कॅज्युअल? फेटलिंग झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. कार्डावर काय छापलंय यापेक्षा माणूस कुठल्या मशीनवर उभा आहे हे कोर्ट बघतं.

एक सांगा, ब्रेकनंतरचं कार्ड त्याच कंपनीचं असतं की ठेकेदाराचं? सगळा खेळ तिथं आहे.

पेरोल_गोकुळशिरगाव

परमनंटचं वकील मंडळी सांगतील. मी पगाराच्या बाजूनं सांगतो, कारण यातलं बरंच काही परमनंट नसतानाही मिळतं आणि त्यासाठी 240 लागत नाहीत.

ओव्हरटाइम. 560 भागिले 8 म्हणजे तासाला 70. कायद्यानं दुप्पट, म्हणजे 140. दिवसाला आठ तासांच्या वर किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर गेलेलं काम या दरानं. महिन्याला 40 तास ओटी असेल तर माणशी 2,800 रुपये कमी मिळतायत. बहुतेक ठिकाणी ओटी स्लिपवर येतच नाही, वेगळ्या वहीत लिहून रोखीनं देतात. त्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला तर सोनं.

रजा. जुन्या फॅक्टरी ॲक्टखाली वर्षाला 240 दिवस भरले तरच हक्काची रजा मिळायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा 180 वर आलाय, दर 20 दिवसांमागे एक दिवस. सात महिन्यांचे 182 दिवस एका कॅलेंडर वर्षात आले तर 182 भागिले 20, म्हणजे 9 दिवस, 5,040 रुपये. मात्र जानेवारी ते डिसेंबर हेच वर्ष धरतात, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल अशी पाळी असेल तर दोन्ही वर्षांत त्या माणसाच्या ब्रेकआधीच्या-नंतरच्या सगळ्या हजेऱ्या एकत्र मोजा. नुसती एका कार्डाची मोजू नका.

बोनस. आर्थिक वर्षात 30 दिवस काम केलेला माणूस पात्र. किमान 8.33 टक्के, कंपनी तोट्यात असली तरी. सात महिन्यांचं महिना 7,000 च्या मर्यादेवर मोजलं तर 4,082 रुपये होतात. पण मर्यादा '7,000 किंवा त्या उद्योगाचं किमान वेतन, यातलं जे जास्त' अशी आहे, त्यामुळे प्रत्यक्षात रक्कम बरीच वर जाते. मिठाईचा बॉक्स यातून वजा होत नाही.

पीएफ, ईएसआय. दोन्ही पहिल्या दिवसापासून, कॅज्युअल असो वा ठेक्यावरचा. 14,560 वर पीएफ 1,747 आणि ईएसआय 0.75 टक्क्यानं 109.20, जे वरच्या रुपयाला नेऊन 110 कापतात. स्लिप यापेक्षा कमी दाखवत असेल तर 'बेसिक' कमी दाखवलाय. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या अशी आहे की भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक 6,000 आणि बाकी सगळे 'भत्ते' हा प्रकार आता बसत नाही. आणखी एक चलाखी चालते. पगार 15,000 च्या वर दाखवून 'आता तुला पीएफ लागू नाही' म्हणतात. जो आधीच सभासद आहे आणि ज्याचं खातं चालू आहे, त्याला हे लागू होत नाही.

फेटलिंगला ईएसआय फार महत्त्वाचा. ग्राइंडिंगचा कण डोळ्यात जाणं, कास्टिंग पायावर पडणं हे तिथलं रोजचंच. कामावरच्या इजेला किती दिवस वर्गणी भरली ही अट नाही. पहिल्या दिवशीची इजा असली तरी सरासरी रोजच्या 90 टक्के मिळतात, फक्त इजेचा दिवस सोडून किमान तीन दिवस माणूस कामाला नालायक ठरला पाहिजे. साध्या आजारपणाला मात्र आधीच्या सहामाहीत 78 दिवस वर्गणी लागते, आणि ब्रेक नेमका तिथं आडवा येतो. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा या सहामाह्या. कंपनीत अपघात झाला की 'घरी पडला' असं लिहून खाजगी दवाखान्यात नेतात, तिथं सही करू नका. अपघाताच्या रजिस्टरला नोंद आणि ईएसआयला अपघात अहवाल गेला पाहिजे, नाहीतर 90 टक्केही गेले आणि पुढं बोट-डोळ्याच्या कायम अपंगत्वाची पेन्शनही गेली.

करवीरकर_09

आभारी आहे. मस्टर_रोल दादा, तुम्ही विचारलंत ते बघून आलो. दोघांचं पूर्वी कंपनीचं कार्ड, ब्रेकनंतर सात महिने ठेकेदाराचं, परत कंपनीचं. बाकीचे सगळे कंपनीच्याच नावावर आहेत. जागा तीच, सुपरवायझर तोच. आणि ब्रेकच्या दिवशी एका छापील कागदावर सही घेतात, 'स्वखुशीने काम सोडत आहे, येणे-बाकी काही नाही' असा.

यू_टू_अर्ज

आता विषय नीट उघडला. मस्टर_रोल यांचं दिवसांचं गणित बरोबर आहे, पण 85 माणसांच्या कंपनीला आज 4-सी सरळ लावता येईल असं समजू नका. 1946 चा स्थायी आदेश कायदा औद्योगिक संबंध संहितेनं रद्द झाला आणि संहितेत स्थायी आदेशांची मर्यादा 300 कामगार आहे. महाराष्ट्रात ती 50 होती. म्हणून चौथं वर्ष चालू असलेल्या पोरांनी 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचे बारा महिने आधी मोजून काढा. त्या तारखेआधी 240 भरले असतील तर हक्क तेव्हाच जमा झाला, नंतर कायदा रद्द झाल्यानं तो जात नाही, असा मुद्दा मांडता येतो. नंतर लागलेल्या पोरांना तो मुद्दा नाही.

त्यांच्यासाठी आणि खरं तर सगळ्यांसाठीच मुख्य हत्यार वेगळं आहे. राज्याचा 1971 चा अनुचित कामगार प्रथा रोखणारा कायदा, ज्याला आपण एमआरटीयू-पल्प म्हणतो. संहितेनं जे तीन केंद्रीय कायदे रद्द केले त्यात याचं नाव नाही. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली बाब 6: कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूनं बदली, कॅज्युअल, तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं. इथं कॅज्युअल शब्द स्वतःच आहे आणि 240 चा आकडा नाही. दाखवायच्या गोष्टी दोन, 'वर्षानुवर्षं' आणि 'हेतू'. हेतू कुणी लिहून देत नाही. ठरावीक सात महिन्यांनी ब्रेक, त्याच जागेवर तोच माणूस परत, कार्ड नंबर फक्त नवा, ब्रेकच्या काळात त्या मशीनवर दुसरा कॅज्युअल उभा. या नमुन्यातून तो सिद्ध होतो. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. काम संपलं म्हणून घरी बसवलं असं कंपनी म्हणते, आणि त्याच दिवशी त्याच ग्राइंडरवर दुसरा माणूस हजर असतो. त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

तक्रार कलम 28 खाली औद्योगिक न्यायालयात, अनुचित प्रथा घडल्यापासून 90 दिवसांत. माणूस कामावर असेपर्यंत बाब 6 ची प्रथा रोज चालूच असते, त्यामुळे मुदतीची अडचण येत नाही. काढून टाकल्यावर मात्र चित्र बदलतं. मग बाब 1 (कामावरून काढण्याबद्दलची), कामगार न्यायालय, आणि 90 दिवस काढल्याच्या तारखेपासून. म्हणून ब्रेकआधी, हजेरीवर असताना दाखल करा. तक्रारीबरोबर कलम 30(2) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज जोडा, फाईलमध्ये तो यू-2 निशाणीला लागतो. त्यात एकच मागणी ठेवा: निकालापर्यंत कामावरून कमी करू नये आणि ठेकेदाराकडे वळवू नये. कायम करा, फरक द्या हे सगळं अंतरिम अर्जात कोंबलं की अर्ज लांबतो आणि ब्रेकची तारीख उलटून जाते.

युनियन नाही म्हणालात ते एका अर्थी सोपं आहे. कलम 21 प्रमाणे बाब 2 आणि 6 च्या तक्रारीत मान्यताप्राप्त संघटना असेल तर तिच्याशिवाय एकट्या कामगाराला उभं राहता येत नाही. संघटना नसेल तर स्वतः जाता येतं. पण खात्री करा. कधीकधी कागदावर मान्यताप्राप्त युनियन असते आणि कॅज्युअल पोरांना तिचं नावही माहीत नसतं. कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो आणि तक्रार तिथंच पडते.

ठेकेदाराच्या नावावर राहिलेल्या दोघांना या तक्रारीत एकत्र घेऊ नका. सिप्ला खटल्यात 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर एमआरटीयू खाली तक्रार चालत नाही, ते नातं आधी दुसरीकडे सिद्ध करून या. त्यांना घेतलं की कंपनी त्यांच्या ठेक्याचा मुद्दा पुढं करून सगळीच तक्रार अडवते. त्या दोघांचा वाद सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी वेगळा टाकावा. ठेका नावापुरता आहे, सुपरवायझर, हत्यारं, पाळी सगळं कंपनीचं, हे तिथून पुढं सिद्ध करायचं. वेळखाऊ आहे, पण रस्ता तोच.

'स्वखुशीने सोडतो' कागदाबद्दल. सही केल्याशिवाय हिशेब देत नाहीत, हे सगळीकडे चालतं. वेतन संहितेप्रमाणे काम सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब द्यायचा आहे, सही असो नसो. करावीच लागली तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं 'रक्कम हरकत ठेवून स्वीकारली, काम सोडलेले नाही' आणि तारीख. लिहू देत नसतील तर त्याच दिवशी कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं पत्र टाका: सही घेतली, काम सोडलेलं नाही, अमुक तारखेला हजर होत आहे. आठवडाभरानं टाकलेल्या पत्राला ती किंमत राहत नाही. जुन्या वर्षांच्या अशा सह्यांनी फार घाबरू नका. तोच माणूस वीस दिवसांनी परत त्याच जागी घेतला असेल तर तो कागद स्वतःच ब्रेकच्या नमुन्याचा पुरावा होतो.

मस्टर_रोल

85 चा मुद्दा मान्य.

पुरावा कसा जमवायचा ते सांगतो, कारण 240 सिद्ध करायची पहिली जबाबदारी कामगारावर. हादिमणी खटल्यात 2002 ला तेच ठरलं, नुसतं शपथपत्र पुरत नाही. पण 2005 च्या यल्लट्टी निकालात असंही आलं की कामगारानं साक्ष दिली, जवळचे कागद दिले, मस्टर (हजेरीपट) मागितला आणि मालकानं तो दडवला, तर त्या-त्या खटल्याच्या वस्तुस्थितीवर ते मालकाच्या विरुद्ध धरता येतं. म्हणजे मागणी लेखी करणं तुमच्या हातात आहे. मस्टर, वेतन नोंदवही, गेट रजिस्टर, बायोमेट्रिकचा डेटा, तारखांसह. 'सगळे रेकॉर्ड हजर करा' अशी मोघम मागणी केली तर मोघमच उत्तर येतं.

मस्टर मिळायच्या आधी ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःच्या आयपी (विमा) नंबरनं शिरा आणि वर्गणीचा तपशील काढा. तिथं दर महिन्याला किती दिवसांचा पगार दाखवला तो आकडा असतो. कंपनीनंच भरलेला आकडा, त्यामुळे नाकारणं अवघड. सगळ्या वर्षांचं छापून घ्या, महिन्याचे दिवस बेरजेला लावा. पीएफच्या यूएएनमध्ये (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर) 'सर्व्हिस हिस्टरी' बघा. प्रत्येक ब्रेकला सोडल्याची तारीख आणि परत रुजू झाल्याची तारीख, नवा मेंबर आयडी. कंपनी आणि ठेकेदाराचे आस्थापना कोड वेगळे दिसतात, त्यावरून कोण कधी कुणाच्या नावावर होतं ते पाच मिनिटांत कळतं. काही ठिकाणी ब्रेक कागदावरच दाखवलेला असतो आणि माणूस प्रत्यक्ष कामावर असतो. अशा दिवसांना बँक पासबुक, ओटीची वही, पंचिंग कार्डाचे फोटो उपयोगी पडतात.

साप्ताहिक सुट्टीचे दिवस मोजायचे का, हा प्रश्न येईलच. अमेरिकन एक्सप्रेस निकालात 1985 ला पगारी सुट्ट्या धरल्या. रोजंदारीला कंपनी म्हणणार, सुट्टीचा पगार देतच नाही. त्यावर उत्तर असं की किमान वेतनाचा रोजचा दर मासिक दराला 26 नं भागून काढलेला असतो, सुट्टीचा पगार त्यातच आहे. तुमच्या पोरांना त्याची गरज पडेल असं दिसत नाही, पण दिवस काठावर असले तर हा मुद्दा सोडू नका.

ऊसपट्टा

साखर कारखान्याच्या पोरांनी यातलं सरसकट घेऊ नये. तिथं हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी दर हंगामाला सात दिवसांच्या पगारानं मोजतात, 15 नाही. आणि महापालिका, झेडपीच्या रोजंदारीला 2006 चा उमादेवी निकाल (नियमित भरतीशिवाय घेतलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही) आडवा येतो. 2009 च्या कॅस्टराइब निकालानं एमआरटीयूचा रस्ता तिथं बंद केलेला नाही, पण मंजूर रिकामं पद दाखवावं लागतं. फाउंड्रीसारखं ते सरळ नाही.

करवीरकर_09

एकच शेवटचं. परवा एचआरनं सांगितलं की यावेळी ब्रेकनंतर 'एफटीसी'चा कागद देणार, 11 महिन्यांचा, पगार 600. सही करावी का?

यू_टू_अर्ज

एफटीसी म्हणजे मुदतीचा करार. संहितेत त्याला मान्यता आहे. तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतकेच तास, पगार, भत्ते द्यावे लागतात, आणि एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबावं लागत नाही. 600 रोजानं वर्षाला 15 दिवस धरले तर 9,000. म्हणूनच 11 महिने लिहिलेत. शिवाय मुदत संपल्यावर काम गेलं तर ती कामगार कपात (रिट्रेंचमेंट) धरत नाहीत, म्हणजे एक महिन्याची नोटीस नाही आणि दर वर्षाला 15 दिवसांची भरपाईही नाही. चार वर्षांची सेवा असलेल्या पोरानं हा कागद केला की पुढं कंपनी म्हणणार, याची सेवा या तारखेपासूनच सुरू झाली.

सहीआधी प्रत मागा, जागेवर सही देऊ नका. कागदात मागच्या तारखांचा उल्लेख आहे का, 'प्रथम नियुक्ती' असं लिहिलंय का, आणि कामाचं नाव फेटलिंग आहे की 'मदतनीस' हे बघा. नियुक्तिपत्र देणं आता बंधनकारकच आहे, त्यामुळे कागद मागितला म्हणून कुणी उपकार करत नाही. 40 रुपये वाढ दिसायला बरी आहे. पण तक्रार करायचीच असेल तर ती या कागदावर सही व्हायच्या आधी नोंदली गेली पाहिजे. ईएसआयचे प्रिंट आणि यूएएनची सर्व्हिस हिस्टरी याच आठवड्यात काढायला लावा. कुणाचा मोबाईल नंबर यूएएनला जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि तिथंच चार-आठ दिवस जातात.

करवीरकर_09

दोघांचे नंबर ठेकेदारानं स्वतःचेच जोडलेत असं आत्ता कळलं.

पेरोल_गोकुळशिरगाव

मग आधार घेऊन पीएफच्या कोल्हापूर कार्यालयात त्यांना स्वतः जायला सांगा. आधारला त्यांचा स्वतःचा मोबाईल जोडलेला असेल तर यूएएनचा नंबर आधारच्या ओटीपीवर बदलता येतो. तो नसेल तर आधी आधार केंद्र, मग पीएफ. ठेकेदाराला यातलं काही सांगू नका.